इंग्रजी शुद्ध, तरी समोरचा दुखावतो: मराठी माणसाच्या इंग्रजीतला सूर

खडूफळा

इंग्रजीच्या वर्गात 'संस्कृती' म्हटलं की काय येतं? ख्रिसमसचं झाड, लंडनचं मोठं घड्याळ, फार तर थँक्सगिव्हिंगची टर्की. याचा उपयोग भिंतीवर चित्रं लावण्यापुरता. संस्कृती खरी आडवी येते ती 'पाणी मिळेल का?' असल्या साध्या वाक्यात.

मराठीत हे वाक्य अगदी सौम्य आहे. हुकूम नाही, कोणाचं नाव नाही, समोरच्याला नकार द्यायला वाट मोकळी. शब्दाला शब्द लावला की होतं 'विल आय गेट वॉटर?'. व्याकरणात खोट नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं, हा वाट पाहून वैतागला आहे. तिथे हवं 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?'.

जेनी थॉमस या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली यावर नेमकं बोट ठेवलं. व्याकरण चुकलं तर लोक म्हणतात भाषा कच्ची आहे. सूर चुकला तर म्हणतात माणूस उद्धट आहे. आणि व्याकरण जितकं चांगलं तितकी दुसरी शिक्षा जास्त, कारण 'याला भाषा येत नसेल' ही सवलत उरत नाही. त्यांनी दोन प्रकार केले. एक रचनेचा: आपला साचा तसाच्या तसा तिकडे नेणं. दुसरा समजुतीचा: काय विचारावं, कशाला आभार मानावेत, कधी गप्प बसावं. पहिला सरावाने सुटतो. दुसऱ्यात शिक्षकाने 'चूक' म्हणू नये, फक्त 'तिकडे याचा अर्थ असा घेतात' एवढं सांगावं.

दोन्हींची उदाहरणं आणि उपाय इथे जमवू या. 'गुलामगिरीची भाषा' हा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा ही विनंती. (तो इथेच होणार हे माहीत आहे.)

नीरक्षीर

मराठीत आदब क्रियापदाच्या शेपटात असते, इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी. एक पेन मागायचं तर दे, दे ना, दे की, दे बरं, द्या, द्या ना, देता का, द्याल का, मिळेल का, असलं तर द्या. प्रत्येकाचं वजन निराळं. इंग्रजीत नेताना शेपूट गळतं, 'गिव्ह मी पेन' उरतं आणि त्यावर 'प्लीज'ची पट्टी चिकटवली जाते.

'प्लीज म्हणजे कृपया' हीच गोची. 'कृपया' आपण बोलतो कुठे? फलाटावरच्या घोषणेत आणि पाटीवर. घरात कोणी 'आई, कृपया मीठ दे' म्हणालं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. 'प्लीज' अधिक आज्ञार्थ हा इंग्रजीतही हुकूमच, फक्त सभ्य. 'प्लीज साइन हिअर' ठीक, कारण ते समोरच्याचंच काम आहे. पण आपल्यासाठी कोणी तसदी घ्यायची असेल तर वाक्य प्रश्नार्थी हवं:

मीठ सरकवणं: कॅन यू पास द सॉल्ट?
आज फाइल पाठवणं: कुड यू सेंड मी द फाइल टुडे?
वेळ काढून तपासणं: वुड यू माइंड चेकिंग धिस बिफोर फ्रायडे?
अनोळखी माणसाकडे मोठं काम: आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...

तिसऱ्यात एक सापळा आहे. 'माइंड' म्हणजे हरकत. 'वुड यू माइंड?' ला उत्साहाने 'येस, येस' म्हटलं तर 'हो, हरकत आहे' असा अर्थ निघतो. होकार द्यायचा तर 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' किंवा सरळ 'शुअर'.

चौथ्यातला 'वॉज' मुलांना छळतो, कारण विचार तर आत्ता करतोय. पण ही युक्ती मराठीतही आहे! 'तुमच्याकडे जरा काम होतं', 'एक विचारायचं होतं'. काम आत्ताच आहे, तरी 'होतं'. भूतकाळ घातला की विनंती एक पाऊल मागे सरकते. फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी लिहिली की वेगळा नियम सांगावा लागत नाही.

अजून एक. ब्राऊन आणि लेव्हिन्सन या भाषेच्या अभ्यासकांनी सभ्यतेची तीन मापं सांगितली: समोरच्याचा अधिकार, आपल्यातलं अंतर, आणि मागणीचा भार. मराठीत अधिकार आणि नातं आधी 'तू' की 'तुम्ही' ठरवतात, मग बाकीचं. इंग्रजीत 'यू' एकच, म्हणून भाराला महत्त्व येतं. साहेबसुद्धा रविवारी कामाला बोलावताना लांब वाक्य वापरतो. मराठी माणूस ते ऐकून 'साहेब फार नम्र आहेत' असं समजतो आणि नाही म्हणायची मुभा आहे असं धरतो. मुभा बहुतेक वेळा नसते.

कुंदकळी

वाचतेय. 'होतं'चा मुद्दा भारी. वाचनखूण साठवली.

तिसरी_पाळी

फोन आणि मीटिंगमधले नेहमीचे अपघात लिहितो.

'बोला' चं 'टेल मी'. मराठीत 'बोला' म्हणजे दार उघडणं. फोन उचलल्या उचलल्या 'येस, टेल मी' म्हणजे 'काय काम आहे ते चटकन सांग'. त्याऐवजी आधी स्वतःचं नाव, मग 'हाउ कॅन आय हेल्प?'. 'कोण बोलतंय?' चं 'हू इज स्पीकिंग?' चालतं, पण कोरडं. 'मे आय आस्क हूज कॉलिंग?' म्हणावं.

'ठेवतो' चं 'आय अ‍ॅम कीपिंग द फोन'. समोरच्याला कळतच नाही की कोणाचा फोन कोण ठेवून घेतोय. आपण फोन एका झटक्यात ठेवत नाही. 'बरं', 'चला मग', 'ठेवू?' अशी पायरी पायरीने उतरतो. इंग्रजीतही तेच: 'राइट', 'ओके देन', 'थँक्स फॉर युवर टाइम', 'बाय'. 'चला' ला 'राइट देन' लावा, नव्वद टक्के काम झालं.

सगळ्यात महाग पडतो तो 'हो हो'. मराठीत 'हो... हं... हो' म्हणजे 'ऐकतोय, पुढे बोला'. त्या जागी 'येस, येस' म्हटलं की पलीकडचा लिहून घेतो: शुक्रवारची तारीख मान्य. शुक्रवारी काम होत नाही आणि मग 'या लोकांच्या शब्दाला किंमत नाही' अशी बोंब. ऐकतोय एवढंच सांगायचं तर 'राइट', 'आय सी', 'म्म्'. मान्य असेल तेव्हाच 'येस', तेही पूर्ण वाक्यात: 'येस, वी कॅन डू धिस बाय फ्रायडे'. मान्य नसेल तर लगेच दुसरी तारीख: 'फ्रायडे विल बी डिफिकल्ट. ट्यूझडे इज पॉसिबल'. 'वी विल ट्राय' हा आपला सभ्य नकार आहे. पलीकडे तो होकार म्हणून नोंदला जातो.

नकारार्थी प्रश्न. 'तुला मेल आली नाही?' 'हो, नाही आली.' आपण प्रश्नकर्त्याच्या विधानाला हो म्हणतो. इंग्रजीत वस्तुस्थितीला हो-नाही म्हणतात. 'डिडन्ट यू गेट द मेल?' ला मेल आली नसेल तर 'नो, आय डिडन्ट'. नुसतं 'येस' म्हणून थांबलात तर मेल मिळाली असा अर्थ. उपाय: 'येस' किंवा 'नो' वर कधीच थांबायचं नाही, मागचं 'आय डिड' किंवा 'आय डिडन्ट' लावायचंच.

आणि 'डाउट'. 'शंका विचारा' वरून आलेला. आपल्याकडे शंका विचारणारा विद्यार्थी गुणी. 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन' म्हणजे मात्र 'तुमच्या डिझाइनवर माझा विश्वास नाही'. 'क्वेश्चन' म्हणा.

सडेतोड

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं. दूध पिऊ, पण आता वाघिणीसारखी मान झुकवायलाही शिकायची का?

भारतात इंग्रजी परदेशी नाहीच. नागालँडची राजभाषा इंग्रजी आहे. आपला 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. 'डू द नीडफुल' ला हसणाऱ्यांना माहीत नसतं की तो साहेबाच्याच दप्तरातला जुना शब्दप्रयोग आहे. त्यांनी टाकला, आपण सांभाळला. 'आउट ऑफ स्टेशन' मधलं स्टेशन रेल्वेचं नव्हे, कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या वस्तीचं. आमचं इंग्रजी आमच्या पद्धतीचं असेल. ऑस्ट्रेलियन माणसाला कोणी सूर सुधारायला सांगतं का?

खडूफळा

@सडेतोड, वाट पाहतच होतो :)

निम्मं मान्य. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: आतलं (ब्रिटन, अमेरिका वगैरे), बाहेरचं (भारत, नायजेरिया, सिंगापूर), आणि विस्तारणारं (चीन, जपान). बाहेरच्या वर्तुळात स्वतःचे नियम तयार होतात, ते चुका नव्हेत. पण वर्तुळं देशांची आहेत, पोरांची नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी मेळघाटातल्या पाड्यावरच्या मुलाला ती फक्त त्या तासाला ऐकू येत असेल, तर त्याच्यासाठी ती परदेशीच.

आणि इंग्लंडच्या राणीसारखं बोला असं कोणी म्हणत नाही. युरोपातल्या भाषाशिक्षणाच्या आराखड्यानेही २०१८ च्या पुरवणीत क्षमतेच्या वर्णनांतून 'नेटिव्ह स्पीकर' हे माप काढून टाकलं. आपला माणूस इंग्रजी बोलतो ते तमिळ, जर्मन, जपानी माणसांशीही. तेव्हा शब्दाला तीन चाळण्या लावू:

समोरच्याला कळलं का? 'प्रीपोन' न ऐकलेल्यालाही अंदाज येतो. राहू द्या.
वेगळंच कळलं का? 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर देईन, ब्रिटन-अमेरिकेत पूर्वस्थितीला जाणं. 'आय पास्ड आउट इन २०१९' म्हणजे अमेरिकनाला तुम्ही तेव्हा बेशुद्ध पडलात. बाहेरच्यांशी बोलताना बदला.
दुखावलं का? 'टेल मी', 'डाउट', उघडा आज्ञार्थ. हे आधी बदला.

'कझिन ब्रदर' वर लाल पेन चालवणारे शिक्षक पहिल्या चाळणीतच वर्ष घालवतात. तिसरी येतच नाही.

सुरावट

शब्द बरोबर, क्रम बरोबर, तरी भांडण, याचं नामी उदाहरण भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी नोंदलं आहे. त्यांचं पुस्तक १९८२ चं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढायला लागल्या. जेवणाऱ्यांची तक्रार: या उर्मट आहेत. बायकांची तक्रार: हे आमच्याशी भेदभाव करतात. तपासलं तर सगळा वाद एका शब्दाचा निघाला. मटणाबरोबर रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज बाई 'ग्रेव्ही?' असा सूर वर नेई. या बायका 'ग्रेव्ही.' असा खाली आणत. ऐकणाऱ्याला ते 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या' असं वाटे. गम्पर्झ यांनी दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवली. आधी बायकांना फरकच जाणवला नाही. त्यांच्या बोलण्यात विचारायची रीतच तशी होती. मग एकेक गोष्ट उलगडली, त्यांच्या लक्षात आली आणि दोन्हीकडचा राग उतरला.

मराठीत प्रश्नाची खूण म्हणून 'का' असतो, सगळा भार सुरावर पडत नाही. इंग्रजीत एकशब्दी प्रश्नाला सुराशिवाय आधारच नाही.

सराव असा. 'टी', 'शुगर', 'रिसीट', 'बॅग', 'कार्ड' हे पाच शब्द घ्या. प्रत्येक एकदा वर, एकदा खाली. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपण काय म्हणायचं ठरवलं होतं तेच ऐकू येतं. नंतर 'वुड यू लाइक अ बॅग?'.

हमखास बिघडतं ते इथे: सगळं वाक्यच वरच्या पट्टीत जातं आणि किंचाळल्यासारखं होतं. सूर फक्त शेवटच्या, जोर दिलेल्या अक्षरावर चढवायचा, आधीचं सपाट. दुसरं, एकदा वर न्यायला शिकले की सगळेच प्रश्न वर. 'व्हेअर', 'व्हॉट', 'व्हेन' ने सुरू होणारे प्रश्न साधारणपणे खालीच उतरतात.

दौत_टाक

पत्रलेखनाबद्दल. आपल्याला औपचारिकतेच्या पायऱ्या कळत नाहीत असं कोण म्हणतं? वडिलांना 'तीर्थरूप' आणि 'शि. सा. न. वि. वि.', बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', धाकट्याला 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद'. मायना चुकला तर पूर्वी घरात बोलणी बसत. इंग्रजी पत्र शिकवताना आधी हे तीन मायने फळ्यावर लिहा, शेजारी इंग्रजीतले तीन:

नाव माहीत नाही: डिअर सर ऑर मॅडम, शेवटी युवर्स फेथफुली.
आडनाव माहीत आहे: डिअर मिसेस ब्राउन, शेवटी युवर्स सिन्सिअरली.
मित्र: डिअर टॉम, शेवटी बेस्ट विशेस.

वरचं आणि खालचं जुळलं पाहिजे, हे मराठी वाचकाला लगेच पटतं. एक सावधगिरी: 'मिस्टर' नंतर आडनाव. 'मिस्टर गणेश' हे आपलं 'गणेशराव' आहे, तिकडे चालत नाही.

आयेल्ट्स जनरल (परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा) देणाऱ्यांनी लक्ष द्यावं. पहिल्या लेखनप्रश्नात किमान १५० शब्दांचं पत्र, त्याला सुमारे २० मिनिटं. गुणांच्या निकषांत सूर स्पष्ट लिहिला आहे: सातच्या बँडला (म्हणजे श्रेणीला) तो पत्रभर सुसंगत हवा, सहाला कुठेकुठे ढळला तरी चालतो. आपल्या मुलांचा ढळतो तो असा: मित्राला पत्र, सुरुवात 'हाय टॉम', आणि तिसऱ्या ओळीत 'आय वुड लाइक टु इन्फॉर्म यू दॅट'. किंवा घरमालकाला तक्रार, आणि मध्येच 'यू मस्ट रिपेअर इट इमिजिएटली'. तिथे 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अरेंज फॉर इट टु बी रिपेअर्ड बाय द एंड ऑफ द वीक'. पत्ता लिहू नका. प्रश्नातच नको म्हटलेलं असतं.

कार्यालयीन मेलला दुसरी खोड. 'वरील विषयास अनुसरून' पासून सुरू करून आपण पूर्वपीठिका सांगतो आणि मागणी सातव्या ओळीत. मराठीत थेट मागणं आगाऊपणा वाटतो. पण तिकडचा वाचक दोन ओळी वाचून पुढे जातो. मागणी आणि तारीख पहिल्या दोन ओळींत, कारण त्याखाली. 'काइंडली' काढा, तो आता रागावलेल्या बँकेसारखा ऐकू येतो.

झेडपीचा_फळा

आठवी ते दहावीच्या वर्गात चालणारा प्रकार देतो, तासिका ४० मिनिटांची धरून.

जुन्या पुठ्ठ्याची १२ कार्डं. प्रत्येकावर तीनच गोष्टी मराठीत: कोण, कोणाला, काय. उदा. 'विद्यार्थी, ग्रंथपालांना, पुस्तक परत करायला दोन दिवस जास्त हवेत'. चौघांच्या गटाला दोन कार्डं.

पहिली ८ मिनिटं गटाने ते मराठीत बोलायचं, जसं खरोखर बोलतील तसं. ही पायरी गाळू नका. गाळली की मुलं पाठ केलेलं 'मे आय कम इन' सगळीकडे लावतात. मग ५ मिनिटं: मराठी वाक्यात सभ्यता कुठे आहे त्याखाली रेघ. 'जरा', 'का', 'होतं', 'सर', अनेकवचन. पुढे १२ मिनिटं इंग्रजी वाक्य: रेघ मारलेल्या प्रत्येक तुकड्याची भरपाई इंग्रजीत कशाने केली, ते दाखवायचं. उरलेल्या वेळात सादरीकरण, आणि ऐकणाऱ्यांनी फक्त एवढंच सांगायचं: हुकूम वाटला, विनंती वाटली, की लाचारी वाटली.

लाचारी हे मुद्दाम घातलंय. सराव झाला की मुलं मीठ मागायलाही 'आय वॉज वंडरिंग' लावतात. भार कमी, वाक्य लांब, म्हणजे टोमणा.

नात्यांच्या शब्दांचा तास वेगळा घ्यावा. चुलत, मामे, आते, मावस. भाऊ आणि बहीण मिळून आठ नाती, इंग्रजीत एकच 'कझिन'. दीर, मेहुणा, साडू सगळे 'ब्रदर-इन-लॉ'. मुलं म्हणतात इंग्रजी गरीब आहे. म्हणू द्यावं. मग विचारावं, 'अंकल' कोणाला? आपल्याकडे रिक्षावाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत. लंडनच्या रस्त्यावर अनोळखी गोऱ्या माणसाला 'अंकल' म्हटलं तर तो मागे वळूनही बघणार नाही. त्याला वाटणारच नाही की आपल्याला हाक मारली. 'एक्सक्यूज मी' एवढंच.

'गुड नाइट' निरोप घेताना, भेटल्यावर 'गुड इव्हनिंग', मग रात्रीचे नऊ का वाजले असेनात.

कुंदकळी

पाहुणचाराचं कोणीच लिहिलं नाही! आपण चहाला दोनदा 'नको नको' म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. तिकडे पहिल्या 'नो, थँक्स' ला किटली परत जाते. पाहुणा उपाशी, यजमान निर्धास्त. उलट आपण चौथ्यांदा पोळी वाढली की पाहुण्याला ती जबरदस्ती वाटते. हवं असेल तर पहिल्याच वेळी 'येस प्लीज, दॅट वुड बी लव्हली'.

'यू मस्ट कम ओव्हर समटाइम' ने मात्र फसू नये. तारीख नाही म्हणजे आमंत्रण नाही. आपलंही 'या एकदा घरी' तेच असतं.

नीरक्षीर

+१. पगार, वय, लग्न हे प्रश्नही यातलेच. आपल्याकडे ती आपुलकी, तिकडे चौकशी. गप्पांना सुरुवात म्हणून हवामान, प्रवास, शनिवार-रविवार कसा गेला, एवढं पुरतं. आणि 'हाउ आर यू?' ला गुडघेदुखी सांगू नये.

नवशिक्या_२२

सर्वांना नमस्कार, उत्तम धागा. एक शंका (क्वेश्चन!) आहे. परदेशी कंपनीत अर्ज करताना 'रिस्पेक्टेड सर' लिहू का? आणि मुलाखतीनंतर त्यांनी नुसतं 'मार्क' असं लिहून मेल केली, तर मी 'मार्क' म्हणू की 'सर'?

दौत_टाक

'रिस्पेक्टेड सर' भारतात चालेल, बाहेर नको. वाचणारी बाई असू शकते हेही आहेच. नाव शोधून 'डिअर' अधिक आडनाव. नाव सापडलंच नाही तर 'डिअर हायरिंग मॅनेजर'.

त्यांनी सही नुसती 'मार्क' केली असेल तर पुढच्या मेलला 'डिअर मार्क'. 'सर' लिहिलंत तर अपमान होणार नाही, पण त्यांनी पुढे केलेला हात तुम्ही नमस्कार करून टाळलात असं दिसेल. आणि ते 'मार्क एडवर्ड्स, डायरेक्टर' अशी पूर्ण सही करत असतील तर 'मिस्टर एडवर्ड्स' वरच थांबा, ते बदलेपर्यंत.